एमबीए अर्जाचा निबंध: अकरावा ड्राफ्ट झाला, आता तो माझा वाटेनासा झालाय

काचनळी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

बी-स्कूलच्या प्रवेशाच्या दुसऱ्या राउंडला अर्ज करतेय. मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे हातात सोळा दिवस. जीमॅट (प्रवेशपरीक्षा) झाली, शिफारसपत्रांसाठी साहेबांना सांगून झालं, घोडं अडलंय ते निबंधावर. यादीत स्टॅनफर्ड आहे. तिथला प्रश्न वर्षानुवर्षं तोच: तुमच्या लेखी सगळ्यात मोलाचं काय, आणि का? साधारण ६५० शब्दांत लिहायचं.

मी औषधाच्या काचेच्या कुप्या बनवणाऱ्या कारखान्यात पाच वर्षं प्रोसेस इंजिनिअर आहे. निबंधात रात्रपाळीचा एक प्रसंग घेतलाय. कुप्यांच्या मानेला बारीक तडे जात होते, मी लाइन थांबवली. चौथ्या ड्राफ्टपर्यंत मला तो आवडत होता. मग सात जणांना वाचायला दिला. दादाने इंग्रजी सुधारलं, कॉलेजच्या सरांना त्यात दूरदृष्टी दिसली नाही, एमबीए झालेल्या मैत्रिणीने आकडे घालायला लावले. प्रत्येकाचं पटलं, प्रत्येकाचं घातलं. निबंध इंग्रजीत आहे, इथे मराठीत उतरवून देते.

चौथा ड्राफ्ट: "पहाटे तीनला मी तपासणीच्या टेबलाशी उभी होते. कुपी दिव्यासमोर धरली की मानेखाली केसाएवढी रेघ चमकायची, जरा फिरवली की दिसेनाशी व्हायची. मी लाइन थांबवली तेव्हा अकरा माणसं माझ्याकडे बघत होती."

अकरावा ड्राफ्ट: "गुणवत्तेशी तडजोड न करण्याच्या माझ्या मूल्याची कसोटी लागली, तेव्हा मी विविध विभागांना एका ध्येयाखाली एकत्र आणून निर्णायक नेतृत्व दाखवलं आणि कंपनीचं संभाव्य नुकसान टाळलं."

सुधारणा करणं थांबवायचं कधी? आणि सात जणांतल्या कोणाचं ऐकायचं?

शिरीषवृक्ष
चौथा. डोळे मिटून.

फुलस्टॉप
+१. "दिव्यासमोर धरली की" इथे मी सावरून बसले. अकराव्यात कुपीच नाही! अकरावा कोणत्याही कंपनीतल्या कोणाच्याही नावावर खपेल.

वाचनमात्र
रुमाल टाकून ठेवतो. पुढच्या वर्षी मलाही याच वाटेने जायचंय.

दुसरी_फेरी
मी थोडं वेगळं म्हणेन. चौथा जिवंत आहे हे खरं, पण तो प्रश्नाचं उत्तर देत नाही. पहाट आहे, कुपी आहे, माणसं आहेत. यात तुमच्या लेखी मोलाचं काय, ते कुठे कळतं? सरांना जे खटकलं ते बरोबर होतं, त्यांनी औषध चुकीचं दिलं. दूरदृष्टीची वाक्यं वरून चिकटवली की असंच होणार.

मी दोनदा अर्ज केला. पहिल्या वर्षी चारही ठिकाणी डिंग, म्हणजे नकार, एकाही मुलाखतीचं बोलावणं नाही. तेव्हाचा निबंध माझ्याकडे अजून आहे. त्यात मी एका प्रकल्पाची यशोगाथा लिहिली होती, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळं माझ्या मनासारखं घडत गेलेलं. दुसऱ्या वर्षी प्रकल्प तोच ठेवला. फक्त बसून स्वतःला विचारलं की यात मी नक्की कुठल्या क्षणी निर्णय घेतला, आणि त्या क्षणी दुसरा कोणता पर्याय समोर होता? तो पर्याय मोहाचा होता, आणि पहिल्या निबंधात मी त्याचा उल्लेखही केला नव्हता. तो लिहिल्यावर "का" आपोआप आलं, वेगळं सांगावं लागलं नाही.

हार्वर्डने २०२४ मध्ये त्यांचा एकच मोठा मोकळा निबंध काढून तीन छोटे प्रश्न आणले, एक ३०० शब्दांचा आणि दोन २५०चे. तिथे तर प्रस्तावनेला जागाच नाही. निर्णय आणि त्यामागचं कारण एवढंच मावतं. स्टॅनफर्डच्या ६५०मध्येही मी तसंच लिहीन आणि उरलेली जागा "का"ला देईन.

लेखनकामाठी
धागा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. गेली काही वर्षं ओळखीतल्या मुलांचे निबंध वाचून देतो, पैसे न घेता.

सात वाचक फार झाले. तीन पुरेत. एक तुम्हाला आतून बाहेरून ओळखणारा, जो "हे तुझं नाही वाटत" असं तोंडावर सांगेल. एक तुमच्या क्षेत्राचा गंधही नसलेला, कारण ॲडकॉमचा, म्हणजे प्रवेश समितीचा वाचकही बहुधा कुप्या बनवलेला नसणार. आणि एक या प्रक्रियेतून गेलेला. तिघांनाही एकदम देऊ नका, नाहीतर तिसऱ्याला ताजा डोळा उरत नाही.

दुसरं म्हणजे, "कसा वाटला?" असं विचारू नका. माणूस लगेच लाल पेन काढतो, कारण त्याला वाटतं की काहीतरी सुचवणं हीच मदत. मी उलटं करायला सांगतो. वाचायला द्या आणि कागद परत घ्या. दुसऱ्या दिवशी विचारा, काय आठवतंय? जे आठवलं ते राहू द्या. जे आठवलं नाही, त्यात तुमचं आवडतं वाक्य असलं तरी त्याच्याकडे संशयाने बघा. तुमच्या चौथ्यातलं मला आत्ता न बघता आठवतंय: केसाएवढी रेघ, अकरा माणसं. अकराव्यातला एकही शब्द आठवत नाही, आणि वाचून दहा मिनिटं झालीत.

मध्यरात्र
पैसे घेऊन अर्जाला मदत करणाऱ्या कन्सल्टंटचं कोणीच नाव काढलं नाही म्हणून लिहितो. मी घेतला होता, आणि मला पश्चात्ताप नाही. त्याने एक ओळही लिहून दिली नाही. पहिले तीन आठवडे नुसते प्रश्न. "त्या दिवशी तू ऑफिसातून किती वाजता निघालास?" इथपर्यंत. मला वाटलं वेळकाढूपणा आहे. पण त्या प्रश्नांतून असं काही बाहेर आलं जे मी विसरून गेलो होतो. चांगला माणूस मिळाला तर सात फुकट सल्ल्यांपेक्षा एक विकतचा बरा.

आडवाट
मिळाला तर, हे महत्त्वाचं. माझ्या वाट्याला आलेल्याने माझ्याशी एकदा अर्धा तास बोलून तयार निबंध पाठवला. सुरेख होता. त्यातला मी मला भेटलो असतो तर आवडलो असतो, पण तो मी नव्हतो. पैसे सोडले आणि स्वतः लिहिला.

अर्जाच्या शेवटी हे लिखाण माझं आहे असं प्रमाणित करावं लागतं, ते वाचूनच सही करावी. २०१२ मध्ये यूसीएलएच्या अँडरसन स्कूलने उसनवारीच्या निबंधांवरून ५०हून जास्त अर्ज बाद केले होते. निबंध पडताळायचं सॉफ्टवेअर तेव्हाही वापरात होतं.

आणि पकडलं जाण्याची गोष्ट सोडून देऊ. हार्वर्डला बरीच वर्षं मुलाखत झाली की २४ तासांच्या आत मुलाखतीवर एक टिपण लिहून पाठवावं लागायचं. केलॉगला व्हिडिओ एसे असतात, प्रश्न पडद्यावर येतो आणि थोड्याच वेळात बोलायला सुरुवात करायची. ज्याने निबंध स्वतः लिहिलाय त्याला तिथे आधार असतो, कारण तो महिनाभर त्याच गोष्टींवर विचार करत असतो.

मध्यरात्र
@आडवाट, मान्य. लिहून देणारा आणि विचारणारा, दोघांना एकच नाव आहे हा घोळ आहे.

कंपासपेटी
आणि चॅटबॉट? हल्ली सगळे तेच करतात. काचनळी, अकराव्यात त्याचा हात आहे का?

काचनळी
हो, नवव्या ड्राफ्टला "जास्त प्रभावी कर" म्हणून सांगितलं होतं. त्यातली दोन वाक्यं अकराव्यात राहिलीत.

कंपासपेटी
वाटलंच. मी एवढंच सांगेन की ज्या स्कूलला अर्ज करताय तिचे याबद्दलचे नियम आधी वाचा, प्रत्येकीचे वेगळे आहेत. व्याकरण तपासणं आणि वाक्यं घडवून घेणं यात फरक आहे. "प्रभावी कर" म्हटलं की ते तुमची कुपी काढून "गुणवत्ता" ठेवणार, कारण त्याने कुपी बघितलेली नाही.

वाचनमात्र
थोडं अवांतर. जीमॅटमध्येही निबंध असतो ना? तिथे कोणती शैली लागते?

दुसरी_फेरी
आता नाही. २०२३च्या अखेरीस नवीन जीमॅट आली, तिच्यातून लेखनाचा भाग काढला. त्यामुळे तुमचं लिखाण कसं आहे हे बघायला स्कूलकडे हे निबंधच उरतात.

पानगळ
माझंही एक अवांतर. आजारपणामुळे माझा पदवीचा एक वर्षाचा निकाल पडला. ऑप्शनल एसेमध्ये (अर्जातल्या ऐच्छिक निबंधात) किती सविस्तर लिहावं?

लेखनकामाठी
@पानगळ, पाच-सहा ओळी. काय झालं, कधी झालं, त्यानंतरचे गुण काय सांगतात. दया मागू नका आणि रडगाणंही नको. वाचणाऱ्याला प्रश्न पडणार होता, त्याचं उत्तर मिळालं की तो पुढे जातो.

शिरीषवृक्ष
काचनळी, कालपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. अकरा माणसं बघत होती म्हणता. ते तडे सगळ्यात आधी कोणाला दिसले?

काचनळी
उत्तर द्यायला एक दिवस घेतला, माफ करा.

मला नाही दिसले. तपासणीच्या टेबलावर एक मामा आहेत, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी आदल्या पाळीत मला सांगितलं होतं, "ताई, मानेत काहीतरी आहे." मी कुप्या तपासणाऱ्या कॅमेऱ्याचा रिपोर्ट बघितला. कॅमेरा सगळं ठीक दाखवत होता, तसं त्यांना सांगितलं. दुसऱ्या रात्री पहाटे ते माझ्या टेबलाशी आले, खिशातून रुमाल काढला, रुमालात तीन कुप्या गुंडाळलेल्या. काही बोलले नाहीत. दिव्याकडे बोट दाखवलं. तेव्हा मी पहिल्यांदा कुपी हातात घेऊन फिरवली.

कॅमेऱ्याची मर्यादा आधीच्या मोठ्या मापाच्या कुपीसाठी लावलेली होती, नवीन मापाला ती बदललीच नव्हती. एकही कुपी बाहेर गेली नव्हती, दोन्ही दिवसांचा माल गोदामात होता, सगळा पुन्हा तपासला.

पहिल्या ड्राफ्टपासून यातलं काहीच मी लिहिलेलं नाही.

फुलस्टॉप
अंगावर काटा आला. हाच निबंध आहे.

शिरीषवृक्ष
मला वाटलंच होतं की अकरा माणसांत एक चेहरा असणार.

पानगळ
थांबा, घाई करू नका. मी औषध कंपन्यांच्या ऑडिटमध्ये आहे, त्यामुळे माझं मत कडू लागेल. "इशारा मिळूनही एक दिवस दुर्लक्ष केलं" हे वाक्य औषधाशी संबंधित कामात साधं नाही. वाचणारा काठावर असेल तर तेवढंच धरून बसेल. दुसरं, कारखान्यातली गुणवत्तेची घटना बाहेर लिहिताना ग्राहकाचं नाव, औषधाचं नाव, मालाचा आकडा काही येता कामा नये. साहेबांना विचारल्याशिवाय हे पाठवू नका.

दुसरी_फेरी
@पानगळ, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. पहिल्यावर वाद घालतो. बऱ्याच स्कूलच्या शिफारसपत्रात वरिष्ठांना हमखास विचारतात: अर्जदाराला तुम्ही दिलेली सगळ्यात महत्त्वाची सूचना कोणती, आणि त्यावर तो कसा वागला? समजा साहेबांनी तिथे हीच रात्र लिहिली. मग एकाच फाईलमध्ये एका कागदावर मामा आहेत आणि दुसऱ्यावर नाहीत, असं होईल. त्यापेक्षा स्वतः सांगितलेलं बरं नाही का?

इन्सीडच्या अर्जात तर स्वतःचे गुण-दोष मोकळेपणाने लिहा असा सरळ निबंध आलेला आहे. चूक दिसली म्हणून कोणी फाईल मिटत नाही. चुकीनंतर काय बदललं ते नसेल तर मिटतात.

पानगळ
मग ते "काय बदललं" ठोस हवं. "मी ऐकायला शिकले" एवढ्यावर माझं समाधान होणार नाही. ते प्रत्येक जण लिहितो.

काचनळी
@पानगळ, बदल झालेत. माप बदललं की कॅमेऱ्याची मर्यादा बदलल्याची सही आता लागते, ते मीच बसवलं. आणि तपासणीच्या टेबलावर एक वही ठेवली. पाळीत काही खटकलं की तिथला माणूस लिहितो, आणि रिपोर्ट काहीही म्हणो, इंजिनिअरने ती कुपी हातात घेऊन बघितल्याशिवाय त्या नोंदीपुढे सही करायची नाही. दोन वर्षं झाली, वही चालू आहे. आता तिसरी वही आहे.

पानगळ
वही निबंधात आहे?

काचनळी
नाही.

पानगळ
अहो, मग ती घाला! माझा विरोध मागे घेतला. ऑडिटला आल्यावर मी पहिली हीच वही मागितली असती.

सांजवात
उशिरा येतेय, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. काचनळींनी मामांचा प्रसंग इथे मराठीत लिहिला तेव्हा तो एका दमात, सरळ आला. "काही बोलले नाहीत. दिव्याकडे बोट दाखवलं." इंग्रजीत लिहायला बसलो की आपण शाळेत शिकवलेलं इंग्रजी काढतो, जड जड शब्द, लांब वाक्यं, कारण तेच चांगलं इंग्रजी असं मनात बसलेलं असतं.

मी माझा निबंध आधी बहिणीला फोनवर मराठीत सांगितला आणि रेकॉर्ड केला. जिथे ती "मग?" म्हणाली तिथे खूण केली. जिथे ती गप्प झाली तिथेही केली. मग रेकॉर्डिंग ऐकत इंग्रजीत लिहिलं, शब्दशः भाषांतर न करता, त्याच क्रमाने. मी दादा-वहिनींना, सरांना दाखवून जे सहा ड्राफ्ट केले होते ते त्या एका दुपारी निकालात निघाले. वाक्यं छोटी झाली, "नेतृत्व" शब्द एकदाही आला नाही.

लेखनकामाठी
@सांजवात, हा प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवली). यात एकच भर. शेवटच्या ड्राफ्टला छापून घ्या आणि मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे बहुतेक दुसऱ्या कोणाचं तरी वाक्य सापडतं.

आडवाट
शब्दमर्यादेचं काय झालं, काचनळी? मामा, वही, कॅमेरा आणि "का", हे सगळं ६५०मध्ये बसायला हवं.

काचनळी
काल रात्री सांजवात म्हणाल्या तसं केलं. आईला फोनवर सांगितलं. ती रुमालापाशी गप्प झाली. नंतर विचारलं, "मग तू त्यांना काय म्हणालीस?" मी काहीच म्हणाले नव्हते, लाइन थांबवायला गेले. सकाळी पाळी सुटताना गेटपाशी त्यांना गाठून म्हटलं की काल तुमचं ऐकायला हवं होतं. ते म्हणाले, "कॅमेऱ्याला बोटं कुठं असतात."

हे वाक्य शेवटी ठेवणार होते, मग मध्ये घेतलं. शेवटी ठेवलं की ते सुभाषितासारखं वाजत होतं, आणि मला शेवटी वही हवी होती.

पहिल्या खर्ड्यात ८१२ शब्द झाले. कॅमेऱ्याची तांत्रिक माहिती तीन ओळींवरून एका ओळीवर आणली, कारखान्याची ओळख काढली, मैत्रिणीने घालायला लावलेले टक्के काढले. आता ६४३ आहेत. मोलाचं काय, तर ज्याच्या हाताला काम कळतं त्याचं म्हणणं निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचणं. हे वाक्य निबंधात एकदाच आहे, दुसऱ्या परिच्छेदात.

साहेबांना दाखवलं. त्यांनी मालाचा आकडा आणि औषधाचा प्रकार काढायला लावला, बाकी काही नाही. आणि दुसरी_फेरी, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, शिफारसपत्रात त्यांनी हीच रात्र लिहिली होती.

दुसरी_फेरी
वा! आता हात लावू नका त्याला. "हेच स्कूल का" हा दुसरा निबंध झाला का? तिथे ३५०च शब्द आहेत आणि बहुतेक जण तो शेवटच्या रात्री उरकतात. विषयांची यादी उतरवू नका, ती त्यांना पाठ आहे. तुमच्या वहीचं काम पुढे न्यायला तिथलं काय लागणार आहे, तेवढंच लिहा.

काचनळी
तोही लिहून झाला. पहिला मात्र कोणालाच द्यायचा नाही असं ठरवलं होतं, तरी एकाला दिला. काल पाळीत मामांना बाजूला घेऊन मराठीत वाचून दाखवला, कारण त्यांच्याबद्दल लिहिलंय तर त्यांना माहीत असायला हवं. दिव्याखाली हात मागे बांधून उभ्या उभ्या ऐकला त्यांनी. मग म्हणाले, "तीन नव्हत्या ताई, चार होत्या. एक तुमच्या हातातच फुटली."

मला ते आठवत नव्हतं. आत्ता तीनाचे चार केले, सबमिट केलं.